एका पायावर उभं राहायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

उजवा घोटा तिसऱ्यांदा मुरगळला तेव्हा मी तुमच्या दवाखान्यात आले. आधी दोन्ही वेळा तेल चोळलं, शेकलं आणि सूज उतरताच कबड्डीच्या मॅटवर गेले. "दुखायचं थांबलं म्हणजे बरा झाला असं नाही," हे मला पहिल्यांदा सांगितलंत ते तुम्ही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, हाडं जोडून ठेवणारा अस्थिबंध ताणला गेला की पाऊल कसं पडतंय ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो. मी मात्र दोन वर्षं नशिबाला बोल लावत होते.

सगळ्यात मोठे आभार त्या संध्याकाळचे. दवाखाना बंद करून तुम्ही आमच्या मंडळाच्या सरावाला आलात आणि फक्त माझे पाय बघत बसलात. चढाईत बोनस गुण घेताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत. अंगाचा सगळा भार त्या एका पावलावर, आणि माझं पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं! इतक्या वर्षांत हे कुणाच्याच नजरेला आलं नव्हतं. बूट उलटे करून त्याच कडेला झिजलेले तळवेही तुम्ही दाखवलेत.

"चढाई 30 सेकंदांची ना? मग तेवढा वेळ एका पायावर उभी राहा." आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग घडी केलेल्या गोधडीवर, शेवटी आईने फेकलेला चेंडू झेलत. शिवाय टाचा उचलणं, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलणं. सामना तोंडावर आला तरी तुम्ही 'नाही' म्हणालात. मी रडले, तुमच्यावर चिडले. उजव्या पायावरची उडी डाव्याइतकी लांब जाईपर्यंत तुम्ही मला सोडलं नाहीत, आणि नंतरही घोट्याला आधारपट्टा बांधूनच खेळवलंत.

पूर्ण मोसम झाला, घोटा एकदाही मुरगळला नाही. आता सरावाआधी 10 मिनिटं आमच्या सगळ्या मुली एका पायावर उभ्या असतात.

मागच्या आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचा पाय मुरगळला. कुणी ओढला नाही, चोळला नाही. तिला चार पावलंही टाकता येईनात म्हणून लगेच एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. उद्या तिला तुमच्याकडे घेऊन येते. तिचा सामना 15 दिवसांवर आलाय, ताई. ती रडेल, मी शेजारी बसेन.

तुमची,
एक चढाईपटू