गॅझेटिअर फुकट आहे, पण ते ‘मुंबई’त शोधू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका असो की उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या मंडळींनी जुळवायला घेतलेली वंशावळ, एक तक्रार हटकून ऐकू येते: ‘आमच्या गावाबद्दल नेटवर काहीच नाही.’ नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या बहुतेक मोठ्या गावांबद्दल आहे, आणि फुकट आहे: इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत, म्हणजे प्रांताची नि जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी पुस्तकांत. पत्ता चुकलेला असतो. तो नेमका कुठे चुकतो, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

पहिली चूक प्रांताची. पुण्या-साताऱ्याकडचे अभ्यासक ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअर’चा हवाला देतात, म्हणून आपणही तेच उघडतो. त्यात विदर्भाचा एकही जिल्हा नाही. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला आणि १९५६ पर्यंत नागपूर तिकडेच राहिले. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, पण मध्यप्रांताला जोडले गेले ते १९०३ साली. तेव्हा शोधताना इंग्रजीत ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ आणि ‘बेरार’ हेच शब्द टाकायचे. इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर असे शोधले की चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्यप्रांताचे १८७० चे गॅझेटिअर मिळते, लायल यांचे वऱ्हाडचे त्याच सालचे मिळते, आणि पुढच्या पिढीतली जिल्हावार पुस्तकेही मिळतात: वर्धा १९०६, नागपूर व भंडारा १९०८, चांदा (आजचे चंद्रपूर) १९०९, अमरावती १९११. त्याहून मागे जायचे तर रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, जेन्किन्स यांचा भोसल्यांच्या मुलखावरचा १८२७ चा अहवाल आहे. इम्पीरियल गॅझेटिअरचे २६ खंड शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर आहेत; नागपूर १८ व्या खंडात.

दुसरी चूक जिल्ह्याची आणि तहसिलीची. आजचा तालुका डोक्यात ठेवून जुने पुस्तक चाळू नये. १९०८ मध्ये नागपूर जिल्ह्यात नागपूर, उमरेड, काटोल आणि रामटेक अशा चारच तहसिली होत्या. सावनेर आणि खापा त्या वेळी रामटेक तहसिलीत होते. आज सावनेरकराला सांगितले तर तो हसेल. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्यात. सिरोंचा तर १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात होते. वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. ज्यांचे मूळ सौंसर-पांढुर्ण्याकडचे, त्यांनी छिंदवाड्याचे १९०७ चे पुस्तक काढावे.

तिसरी चूक स्पेलिंगची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात. चौकटीत गावाचे नाव टाकतात, ‘निकाल नाही’ असे दिसले की पुस्तक बंद. त्या काळी इंग्रज ‘ड’साठी ‘आर’ लिहीत: उमरेडचे ‘उमरेर’, मोवाडचे ‘मोवार’. ‘व’च्या जागी ‘ओ’ येई: सावनेरचे ‘साओनेर’, देवळीचे ‘देओली’, अमरावतीचे ‘अमराओती’. कामठीत ‘पी’ घुसला होता, अचलपूर ‘एलिचपूर’ होते आणि यवतमाळ ‘येओतमाल’.

एवढे करूनही रामटेक सापडत नाही, कारण चूक यंत्राची असते. ग्रँटच्या पुस्तकात दीर्घ ‘आ’ दाखवायला ‘ए’ अक्षरावर तिरकी रेघ दिली आहे. स्कॅनचे अक्षरांत रूपांतर करणारे यंत्र रेघेसकट ते अक्षर पुष्कळदा ‘डी’ म्हणून वाचते. मग रामटेक होते ‘आर-डी-एम-टी-ई-के’ आणि नागपूर ‘एन-डी-जी-पी-यू-आर’. इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये तिरक्याऐवजी आडवी रेघ आहे. तिच्या स्कॅनमध्येही अक्षर बिघडते. उपाय सोपा आहे. अर्काइव्हच्या पानावर डाउनलोडच्या यादीत ‘फुल टेक्स्ट’ असते, ती फाइल उतरवून घ्या आणि कंट्रोल-एफ दाबून नावाचा ‘आ’ नसलेला तुकडा शोधा: रामटेकसाठी ‘एम-टी-ई-के’, काटोलसाठी ‘टी-ओ-एल’. पुस्तकातल्या पुस्तकात शोधायची जी भिंगाची सोय आहे ती पूर्ण शब्द धरते, तुकडा धरत नाही; म्हणून फाइल उतरवायची. ओळीच्या शेवटी शब्द तुटून अर्धा खालच्या ओळीत गेला असेल तर हाही उपाय लंगडा पडतो. मग सरळ पुस्तकाच्या शेवटी जा. जिल्हा गॅझेटिअरात तिथे गावांची टिपणे इंग्रजी वर्णानुक्रमाने आहेत; ती डोळ्यांनी चाळायला पंधरा मिनिटे पुरतात.

पानाचा आकडा लिहून घेताना सांभाळा. अर्काइव्हच्या पत्त्यात ‘एन’ अक्षरापुढे जो आकडा दिसतो तो स्कॅनच्या चित्राचा क्रमांक असतो, छापील पानाचा नाही. स्मरणिकेत तोच छापला तर दुसऱ्याला ते पान कधी सापडत नाही.

आता या पुस्तकांत काय मिळत नाही ते. तुमच्या पणजोबांचे नाव मिळत नाही. मोठ्या मालगुजार (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदार) घराण्यांचा उल्लेख कुठे कुठे येतो, कुळांचा नाही. आयर्लंडची गोष्ट इथे उपयोगी पडेल. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले अभिलेखागार जळले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक तक्ते त्यात गेले. तिथले लोक आता १८४७ ते १८६४ मध्ये छापलेल्या ग्रिफिथच्या आकारणीच्या याद्या नेटवर फुकट उघडतात. त्यांत जमीन कसणाऱ्याचे नाव छापील आहे. १९०१ आणि १९११ ची त्यांची नावनिशीवार जनगणनाही मोफत आहे. आपल्याकडे जनगणनेचे छापील खंड मिळतात, त्यांत आकडेच. माणसांची नावे मिसलीत, म्हणजे बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाच्या) हस्तलिखित दप्तरात, कोटवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतात, आणि ती कार्यालयात जाऊनच काढावी लागतात. मग छापील पुस्तकाचा उपयोग काय? नकलेच्या अर्जात मौजा, त्या वेळची तहसील आणि बंदोबस्ताचे साल लिहावे लागते. नागपूर जिल्ह्याचा तीसवर्षी बंदोबस्त १८६० च्या दशकात झाला, पुढचा बंदोबस्त अधिकारी क्रॅडॉक यांच्या हाताखाली १८९० च्या दशकात. हे न लिहिता ‘जुना रेकॉर्ड द्यावा’ असा अर्ज केला तर तो परत येतो, आणि बाबूचा त्यात फारसा दोष नाही. एकाच नावाची दोन-तीन गावे असतात, शिवाय खुर्द, बुद्रुक आणि ओसाड पडलेली ‘रिठी’ वेगळी. रिठीत माणूस राहत नाही, पण कागदावर ती स्वतंत्र मौजा असते. गॅझेटिअरातला जातीचा मजकूर हा दाखल्यासाठी व्यक्तीचा पुरावा समजून तहसिलीत नेऊ नये. तिथे कुटुंबाची नोंद लागते.

रसेल आणि हिरालाल यांचे जाती-जमातींवरचे चार खंडांचे पुस्तक (१९१६) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहे. कुणबी, महार, माळी, तेली चौथ्या खंडात. तिथला मजकूर तपासून शुद्ध केलेला असल्याने शोध नीट लागतो. आडनावे, कुळी, लग्नाच्या रीती यांसाठी जरूर वाचा. मात्र अमुक जात अशी, तमुक तशी, असे शेरे त्या काळच्या साहेबाचे आहेत. ते स्मरणिकेत जसेच्या तसे उतरवून आपल्याच शेजाऱ्याला दुखवू नये.

मराठी पुस्तकांची तऱ्हा निराळी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या स्कॅनमध्ये शीर्षके विचित्र रोमनीकरणात आहेत, ‘आ’साठी ‘ए’ दोनदा, ‘ई’साठी ‘आय’ दोनदा. तसे टाकून पाहिल्याशिवाय ‘सापडत नाही’ म्हणू नका. अनेकांत आतला मजकूर शोधताच येत नाही, अनुक्रमणिका वाचावी. पाने गळालेली, समास कापलेले, नकाशे घडीतच स्कॅन झालेले, हेही नेहमीचे. गूगल बुक्सवरही घडीचे नकाशे उलगडलेले नसतात. एक प्रत सदोष निघाली तर त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधावी.

छापण्याचा हक्क: सरकारी प्रकाशन ६० वर्षांनी मोकळे होते, खासगी लेखकाचे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. नेटवर दिसणारा प्रत्येक कुळवृत्तांत मोकळा असतो असे नाही.

शेवटी शहरातल्या आणि तालुक्यातल्या वाचनालयांना एक विनंती. जुन्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली आपल्याच कपाटांत आहेत. स्कॅन ३०० ते ४०० डीपीआयवर करा आणि ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांत, ठेवा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पिवळ्या कागदावरची अनुस्वाराची टिंबे उडतात. नकाशा उलगडून वेगळा घ्या. अर्काइव्हवर चढवताना भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका. तिथे इंग्रजी पडले, तर यंत्र देवनागरीला रोमन समजून वाचते आणि पुस्तक नेटवर असूनही शोधात येत नाही.

आपला,
स्थानिक इतिहासाचा एक अभ्यासक,
महाल, नागपूर