सिरिंज पाकिटातूनच निघायला हवी

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात तापाने फणफणलेल्या आईला डिचोलीतल्या एका दवाखान्यात नेले. कंपाउंडरने ट्रेमधली उघडी सिरिंज उचलली. नळीत आधीच्या औषधाचा थेंब तसाच होता. हरकत घेतली तर म्हणाला, ‘सुई बदललीय ना!’ नुसती सुई बदलून भागत नाही. नळीत ओढले गेलेले रक्त डोळ्यांना दिसतही नाही, पण हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही पसरायला तेवढे पुरते. गुजरातेत मोडासा इथे २००९ साली अशाच वापरलेल्या सिरिंजमुळे काविळीने माणसे दगावली. साध्या तापालाही इंजेक्शनच मागणारे आपण रुग्णही यात आलोच. आरोग्य खात्याने खासगी दवाखान्यांची न कळवता तपासणी करावी आणि एकदा वापरताच निकामी होणाऱ्या सिरिंज सक्तीच्या कराव्यात.

— एक वाचक, डिचोली