क्लीनर गेला, तशी बांधणीही गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर महिन्या-दोन महिन्यांनी एक वाक्य हमखास छापून येतं : ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने ट्रेलर उलटला.’ मी ३४ वर्षं ट्रेलर चालवला, त्यातला बराचसा काळ जालन्याची सळई वाहिली. हे वाक्य वाचलं की सकाळचा चहा कडू होतो. स्टिअरिंग हातातून जाण्याआधी पुष्कळदा मागची साखळी गेलेली असते. ती कुणी आवळली होती, थरांमध्ये लाकूड होतं का, गाडी निघाल्यावर कुणी उतरून पाहिली का, हे बातमीत कधी येत नाही.

लोकांना वाटतं लोखंड जड आहे, ते जागचं कशाला हलेल? पण सळईसारखा निसरडा माल दुसरा नाही. १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांबीची एक सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. पोरगंही उचलेल. तीस टनांचा माल म्हणजे अशा अठ्ठावीसशे सळया, एकमेकींच्या अंगावर लोखंडावर लोखंड. त्यात पाऊस पडून गेला असला तर विचारूच नका. फाळके नसलेल्या सपाट ट्रेलरवर त्यांना अडवायला पुढची जाळी, बाजूचे खुंटे आणि साखळ्या, एवढंच असतं.

मी १९८६ साली क्लीनर म्हणून लागलो. माझे वस्ताद गेवराईकडचे. पहिली दोन वर्षं त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. लाकडं मांडायची, साखळ्या मोजायच्या, टायर ठोकून बघायचे, एवढंच काम. प्रत्येक साखळी आवळून झाली की ते टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, तिच्यावर टोला द्यायचे. ताणलेली साखळी खणखणते, सैल असली तर नुसतीच बद्द वाजते. मग हाक यायची, “कामून रे, ही मुकी कामून हाय?” एक साखळी डावीकडून ताणायची, पुढची उजवीकडून, म्हणजे ताण एकाच अंगाला राहत नाही. साखळी मालावरून जितकी उभी खाली उतरेल तितका दाब जास्त. बुटक्या मालावर ती आडवी पडते आणि ताण तेवढाच असूनही दाब कमी होतो, म्हणून तिथं साखळ्या वाढवायच्या. माझी मुलगी इंजिनिअरिंगला गेल्यावर तिनं कागदावर काढून दाखवलं : साखळी ३० अंशांवर आली की खालचा दाब ताणाच्या निम्माच उरतो. वस्तादांना अंश ठाऊक नव्हते. ते हाताचा पंजा तिरपा धरून दाखवायचे.

माल कुठं बसवायचा, हे मात्र मला त्यांच्या आधी वडिलांनी शिकवलं होतं. कडब्याची गाडी भरताना वजन मागं गेलं की गाडी उलळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलतं. ट्रेलरचंही तेच. वजन फार मागं गेलं की पुढचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा भाग, हलका होतो आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. फार पुढं आलं की घोड्याच्या चाकांवर सगळा भार. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे नव्यानं शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

मी लई शहाणा होतो असं मात्र समजू नका. १९९२ साली, स्वतंत्र गाडी हातात येऊन दोन वर्षं झाल्यावर, सोलापूरचा माल भरला. मुनीम गाडी काढ म्हणून मागं लागला होता. वरच्या थराखाली लाकूड टाकायचं मी टाळलं. तुळजापूरचा घाट उतरताना वळणावर समोर एसटी आली आणि ब्रेक मारावा लागला. गाडी थांबली, पण वरचे गठ्ठे थांबले नाहीत. ते सरकत येऊन केबिनमागच्या जाळीवर आदळले. जाळी हातभर वाकली. माझी पाठ आणि सळयांची टोकं यांच्यात किती अंतर उरलं होतं ते मी मोजलं नाही. पुढं कधीतरी वस्तादांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “लाकूड नव्हतं का?” म्हटलं, “होतं की, गाडीतच होतं.” “गाडीत म्हंजी कुठं?” सीटखाली होतं.

वस्तादांचा आणखी एक नेम होता. जालन्याहून औरंगाबादच्या रस्त्याला लागलो की बदनापूरला चहा, बीडकडं निघालो की अंबडला. मला वाटायचं म्हातारा चहाबाज आहे. खरी गोष्ट अशी की पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या हादऱ्यांत सळया आपापल्या फटींत बसतात, माल दबतो आणि आवळलेली साखळी सैल पडते. चहा सांगायचा आणि तो येईपर्यंत गाडीभोवती टॉमी घेऊन एक फेरी मारायची, पुन्हा आवळायची. मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की अमेरिकेत हे कायद्यानंच सांगितलंय : माल भरल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी तपासायची, आणि पुढंही ठरावीक अंतरानं किंवा वेळेनं तपासत राहायचं. वस्तादांचा नियम त्याहून कडक निघाला.

आता समृद्धी महामार्ग झाला. चांगलंच झालं. पण ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर बदनापूरसारखी टपरी नाही आणि मन मानेल तिथं गाडी उभी करता येत नाही. जुना रस्ता आपल्याला खड्ड्यांनी का होईना थांबवायचा. आजचं पोरगं यार्डातून निघतं, थोड्या वेळात समृद्धीवर चढतं आणि साखळी सैल पडायच्या वेळी नेमकं वेगात असतं. चढण्याआधी जरा थांबून एक फेरी मार, हे त्याला सांगायला शेजारी कुणी नसतं.

माझं खरं म्हणणं हेच आहे. क्लीनर गेला. मालकांना दोष देऊन भागत नाही. डिझेल, टायर, बँकेचा हप्ता आणि तेच ते भाडं, यात दुसऱ्या माणसाचा पगार कुठून काढायचा? पण क्लीनरची जागा ही चालकाची शाळा होती, हे कुणी हिशेबात धरलं नाही. लायसन काढताना गाडी मागं घेता येते का ते बघतात. मला माल बांधून दाखव असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आजच्या पोरांना विचारलं तर तीही तेच सांगतात. पिकअप किंवा ट्रॅक्टर चालवलेलं पोरगं लायसन मिळालं की थेट ट्रेलरवर बसतं.

काही ठिकाणी तर भरताना चालकाला आत उभंही राहू देत नाहीत. गेटबाहेर थांब, भरलं की बोलावतो. हमालांची मजुरी टनावर, त्यांना पुढच्या गाडीची घाई. माल कसा बसवला ते चालकाला माहीत नाही, आणि घाटात ब्रेक मारायचा तो त्यानंच. कायदा मात्र एकट्या चालकाला धरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली जे कडक दंड आले, त्यात गाडीबाहेर माल काढून चालवणाऱ्याला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो माल उतरवायचा खर्च. तिथं ‘चालवणारा’ आहे तसाच ‘चालवायला लावणारा’ही आहे. १२ मीटरच्या सळईला आखूड गाडी पाठवणाऱ्यानं तेवढा शब्द वाचून ठेवावा.

जालना, वाळूज, शेंद्रा, लातूर, सगळ्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास माझ्यासारखे गुडघे गेलेले चालक बसून आहेत. कारखानदारांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून अशा एकेकाला यार्डात ठेवावं. जुन्या क्लीनरचा पगार पुरे. त्यानं टॉमी वाजवून साखळ्या बघाव्यात, आणि नव्या पोराच्या पहिल्या दहा खेपांना त्याच्यासमोर, त्याच्याच हातानं माल बांधून घ्यावा. मुकी साखळी सापडली तर गाडी गेटबाहेर सोडायची नाही, एवढा अधिकार त्याला हवा. नाहीतर मुनीम त्याला हाकलून देईल, हे मी अनुभवानं सांगतो.

मी जालन्यातच आहे. कुणाला पटत असेल तर आठवड्यातले दोन दिवस फुकट येईन, माझी टॉमी मी घेऊन येईन. फक्त गाडी सकाळी लवकर लावा. दुपारी सळई हाताला चटके देते आणि मग पोरं शेवटच्या दोन साखळ्या टाळतात.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ट्रेलरचालक, जालना
(नाव छापू नये ही विनंती)