सूचना : धुक्याच्या दिवसांतील सायकल फेरी

सर्व सदस्यांना नमस्कार.

रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतच्या दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि पहाटे धुके दाटते. दृश्यता १ किलोमीटरच्या खाली गेली, की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते.

अशा दिवशी धुके विरेपर्यंत फेरी सुरू होणार नाही. धुक्यात समोरच्या वाहनाचे अंतर आणि वेग, दोन्हींचा अंदाज चुकतो. खरा धोका हाच. सोबत गाडी आणणाऱ्यांनी हेडलाइट लो बीमवरच ठेवावा, कारण हाय बीमचा प्रकाश थेंबांवरून उलटून डोळ्यांवर येतो. सायकलचा मागचा लाल दिवा सुरू हवाच.

दमा असलेल्यांनी कृपया घरीच थांबावे. वारा नसल्याने धूरही जमिनीलगत साचून राहतो.

– समन्वयक