डोंगरपायथ्याची जागा आषाढात पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की आमच्या जावळी तालुक्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या जागा बघायला येऊ लागतात. हवा छान असते, रस्ते कोरडे असतात. एजंट एक सपाट तुकडा दाखवतो. समोर दरी, पाठीशी डोंगर. माणसं भारावतात आणि इसार देऊन जातात. गवंडी म्हणून मला बोलावणं येतं ते त्यानंतर, खरेदीखत झाल्यावर. आपल्या वर्तमानपत्रात अशा प्लॉटच्या जाहिराती मी नेहमी पाहतो, म्हणून जागा घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

तो सपाट तुकडा बहुतेक वेळा जुनं भातखाचर असतं. डोंगरउतारावर जमीन आपोआप सपाट होत नाही. कुणाच्या तरी पणज्याने ताल, म्हणजे बांध घालून, माती अडवून ती केलेली असते आणि ती केली पाणी साचवण्यासाठी. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली असा थर बसलेला असतो की पाणी मुरत नाही. तिथे वरवर पाया घेतला तर घर चार महिने पाण्यात उभं राहतं, जोत्यातून ओल भिंतीत चढते. खाचरातच बांधायचं असेल तर खाली पक्का मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खणावं लागतं, आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूने ओढ्याला द्यावं लागतं. शेजाऱ्याच्या खाचरात नव्हे. जेसीबीने ताल फोडली की खालच्या शेतकऱ्याची रोपं वाहून जातात आणि भांडण मात्र पिढीभर राहतं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे जागा मोठी करण्यासाठी मागचा डोंगर उभा कापणं. आमच्याकडे खडकावर माती-मुरमाचा थर असतो. पाऊस लागून राहिला की पाणी त्या थरातून झिरपून खडकाच्या पाठीवरून वाहू लागतं. अशा वेळी डोंगराचा पाय कापलेला असेल तर वरची माती धरून ठेवायला काही उरत नाही. मागे रिटेनिंग वॉल बांधली, पण तिच्यात पाणी निघायला पाइप सोडले नाहीत, तर साठलेल्या पाण्याचा दाब त्या भिंतीलाच ढकलतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. ती माणसं पिढ्यानपिढ्या तिथे राहणारी होती. त्यांना जे कळू शकलं नाही, ते दोन तासांसाठी आलेल्या माणसाला कसं कळणार?

म्हणून जागा तरण्या-म्हाताऱ्याच्या, म्हणजे ऐन जुलैच्या पावसात पाहावी. छत्री घेऊन प्लॉटच्या वर चढून जावं. ओघळ कुठून येतो, कुठे वळतो, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कलून मग वर वळलेत का, जमिनीला आडवी भेग आहे का, नेहमीचा झरा अचानक गढूळ झालाय का, हे डोळ्यांनी बघावं. घळीच्या तोंडाशी घर नकोच, ती कितीही कोरडी दिसली तरी. डोंगराची सोंड उतरते तिथे पाणी दोन्ही अंगांना निघून जातं. थंडीच्या दिवसांत दरीच्या तळाला गार हवा आणि धुकं साचतं, त्यातूनही सोंडेवरचं घर वाचतं.

घराचा नकाशा पुण्याहून तयार होऊन येतो. त्यात सपाट स्लॅब असतो आणि पश्चिमेला दरीकडे तोंड करून मोठी काच. इथला पाऊस उभा पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. आमच्या आज्या त्या अंगाला पावसाआधी गवताच्या ताट्या बांधायच्या, ते उगीच नाही. त्या बाजूला खिडक्या लहान असाव्यात, रुंद पडवी असावी, छप्पर उतरतं आणि भिंतीच्या तीन फूट तरी बाहेर आलेलं असावं. आपल्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे जाड मातीच्या भिंतीचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर उन्हाळ्यात गार राहतं आणि शोभतं. महाबळेश्वरच्या अंगाला त्याच्या दहापट पाऊस. दोन्हीकडे एकच नकाशा कसा चालेल?

हल्ली ‘गावठी’ दगडी घराची मागणी वाढली आहे. दगडाला माझी ना नाही, आमचा तो वंशपरंपरागत धंदा आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतीच माणसांवर पडल्या. आतला आणि बाहेरचा असे दोन पदर वेगळे रचून मध्ये चिपा भरल्या की हादऱ्याला ते पदर सुटतात. दर दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली घराभोवती सलग आरसीसी पट्टा हवा. मालक पैसे वाचवायला नेमकं हेच काढून टाका म्हणतात. मी नकार देतो, कामं गेली तरी.

सातबारा, एनए, वहिवाटीचा रस्ता याबद्दल वकील सांगतीलच. ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की प्लॉट पडण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन सगळे ओघळ आणि जुन्या दरडींच्या जागा नकाशावर उतरवाव्यात आणि तो नकाशा कार्यालयात भिंतीवर लावावा. आणि आपणास विनंती की प्लॉटची जाहिरात घेताना त्या जागेचा जुलै-ऑगस्टमधला फोटोही सोबत मागावा.

आपला,
एक गवंडी
मेढा, ता. जावळी, जि. सातारा