यंदा नाताळात सांगली नाही, मुंबई

बडोदे,
३० नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई 'बरं, बरं' म्हणते, बाबा फोन आईच्या हातात देऊन गॅलरीत जातात, आणि तुम्हाला खरं काय वाटलं ते मला महिन्याभराने मावशीकडून कळतं. म्हणून लिहायला बसले.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही सांगलीला येत नाही. थांबा, कागद खाली ठेवू नका. मुलांना घेऊन मुंबईला जातोय, आणि तुम्ही दोघंही येताय. २३ तारखेच्या रात्रीची महालक्ष्मीची तिकिटं काढून झाली आहेत. एसीचा डबा, दोन्ही बर्थ खालचे. आता ती रद्द होत नाहीत. (आई, होतात. पण एवढी ओळ बाबांना वाचून दाखवू नकोस.)

आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही 'तुम्ही जाऊन या, आम्ही आहोत इथे बरे' म्हणाला असता. मग मी मुंबईला गेले असते आणि सगळा वेळ तुमचाच विचार करत बसले असते. शिवाय ईशानचं अकरावीचं वर्ष. क्लासवाले दिवाळीत चार दिवससुद्धा धड सोडत नाहीत, मे महिना तर त्यांनी आताच मागून घेतलाय. सईची पुढच्या वर्षी दहावी. अनिरुद्धला वर्षअखेरीलाच काय ती रजा मिळते. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं आम्ही सहाजण एकत्र कुठे जाऊ असं मला दिसत नाही. सांगलीला येऊन जाऊन पुन्हा मुंबई करायची म्हटलं तर सगळे दिवस गाडीत जातात. तुम्ही हिशेब करून बघा, मी बराच करून पाहिला.

आणि एक स्पष्ट सांगते, ईशानला सांगली नको झालीय असं काही नाही. मे महिन्यात तो दिवसभर गच्चीच्या पायऱ्यांवर फोन घेऊन बसायचा आणि बाबा बोलता बोलता मध्येच थांबायचे, ते मी पाहिलं होतं. तुम्हाला लागलं तेही कळलं. पण गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे विश्वामित्रीचं पाणी चढलं, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर हाच मुलगा बाकीच्या पोरांना २०१९ ची सांगली सांगत होता. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आजोबांनी सिलिंडर माळ्यावर कसा चढवला, आजीने बोटीत बसताना दागिन्यांच्या आधी लोणच्याची बरणी कशी पुढे केली. एक तपशील चुकला नाही त्याचा. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तेव्हा बाबा, मान खाली असली तरी बोलत राहा.

राहायचं मावशीच्या शिवाजी पार्कच्या जागेत. मावशी जानेवारीपर्यंत पुण्याला आहे, किल्ली माझ्याकडे आली. लिफ्ट आहे, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे (काकांच्या वेळी बसवलेला). गिझर चालतो, मी शेजारच्या काकूंकडून खात्री करून घेतली. तुमची खोली मागच्या बाजूची, तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. खाली उतरलं की पार्काचा कट्टा. बाबांचं सकाळचं फिरणं चुकणार नाही, उलट बसायला सोबत इतकी मिळेल की घरी आणायला मलाच यावं लागेल. दूध साडेसहाला येतं, चहा पावणेसातला. आई, तुला तिथे स्वयंपाकाला हात लावायचा नाही. पोळ्यांना बाई सांगितल्या आहेत. दुपारचं वरण-भात-भाजी घरीच, रात्रीचं ज्याला जे हवं ते.

आता मुलांनी काय ठरवलंय ते. हो, मुलांनीच. या वयाच्या पोरांना घेऊन फिरायचं तर त्यांना सामानासारखं नेऊन चालत नाही, हे मी दरवेळी तोंडं बघून शिकले. यावेळी कागद त्यांच्यापुढे टाकला: दिवसाला एकच मोठं ठिकाण, तुम्ही निवडा, तिकिटं-वेळा तुम्ही बघा. दोन दिवस भांडले, मग अनिरुद्धच्याही लक्षात न आलेल्या गोष्टी त्यांनीच काढल्या. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. त्यामुळे २४ ला, बुधवारी, तुम्ही पोचाल तो दिवस नुसता आराम.

२५ ला ओव्हल. बाबा, तुम्हाला ते मैदान माहीत आहे, पण सईला तिथे जायचंय ते चित्रं काढायला. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं दगडी काम. पश्चिमेला १९३० च्या सुमाराच्या गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. मधे गवत आणि क्रिकेट. २०१८ साली या दोन्ही बाजूंना मिळून युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. सई म्हणते, दोन वेगवेगळी शहरं समोरासमोर बसलीत. ती काढत बसेल तेव्हा आई तिच्याशेजारी बसेल. बोलायची गरज नाही, तिला कोणी शेजारी बसलेलं आवडतं. राजाबाई कोण ते मात्र तिला सांग. प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी पैसे दिले ते आईचं नाव लावून. २८० फूट उंच आहे तो. (माझ्या नावाने अजून डबासुद्धा कोणी लावला नाही, असं तू म्हणशील. माहीत आहे.)

बाबा आणि ईशान तोवर आझाद मैदानात. एकाच वेळी इतके सामने चालतात की एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. ६६४ धावांच्या भागीदारीची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा. फेब्रुवारी १९८८, शाळांची हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा, तेंडुलकर नाबाद ३२६ आणि कांबळी नाबाद ३४९. ईशानला आकडे पाठ आहेत, पण तुम्ही त्या वेळी ऑफिसातून काय सांगून निघाला होतात ते त्याला ठाऊक नाही. आईलाही पूर्ण ठाऊक नसावं.

शुक्रवारी घारापुरी, आणि इथे बाबा, तुम्ही येणार नाही. रागावू नका. गेटवेहून लाँचने तासभर, धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल काय सांगितलं ते मी ऐकलंय. खुर्चीची डोली मिळते, पण चार माणसांच्या खांद्यावर बसायला तुम्हाला आवडणार नाही आणि मला तर बघवणार नाही. आईने जायचं का ते आईने ठरवावं. वीस फुटी सदाशिवाची मूर्ती तिला एकदा डोळ्यांनी बघायचीच आहे, असं ती मला लग्नाआधीपासून सांगतेय. गेलीस तर पायात बूट, चपला नाहीत. आणि हातात पिशवी नको, माकडं हिसकावतात.

बाबांसाठी त्या दिवशी गिरगाव. आता तिथे मेट्रो गेलीय. तीन नंबरची लाइन ऑक्टोबरपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून. शिवाजी पार्कहून दादर स्टेशन जवळ, तिथून बसलात की गिरगावलाच उतरायचं, गाडी बदलायची नाही. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. सरकत्या जिन्यावर तुम्ही चढायचं नाही, लिफ्टनेच जायचं. अनिरुद्ध सोबत असेल. जुन्या खोलीवर जायचं की नुसतं खोताच्या वाडीतून फिरून यायचं ते तुमच्या मनावर. तिथली लाकडी जिन्यांची घरं बघायला सईलाही यायचंय, तर तिला शनिवारी न्या. खोलीचं, आणि आप्पाकाकांच्या त्या प्रकरणाचं, मुलांना किती सांगायचं तेही तुम्हीच बघा. माझं काही म्हणणं नाही.

मलबार हिलची गंमत वेगळी. कमला नेहरू पार्कजवळ झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट केलीय, यंदा मार्चअखेरीला उघडली. ४८५ मीटर, सपाट, बाबांना अगदी जमेल अशी. तिकीट २५ रुपये, पण वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, ते काम ईशानचं. एका ठिकाणी पायाखाली काच आहे, आईने तिथे खाली बघू नये. शेजारी म्हातारीचा बूट आहेच. बाबा, त्या बुटाच्या खिडकीतून मी हात बाहेर काढून ओरडत होते आणि खाली तुम्ही कॅमेरा घेऊन 'वैजू, हलू नको' म्हणत होतात. फोटोत माझा नुसता हात आलाय. आईने घातलेल्या लाल रिबिनीच्या वेण्या आल्याच नाहीत म्हणून ती दिवसभर धुसफुसत होती. आता सई म्हणते, त्याच खिडकीखाली मी तुझा फोटो काढते. मी म्हटलं, आजीचा काढ.

नेहरू विज्ञान केंद्र, पेंग्विन, वस्तुसंग्रहालय यांतलं एखादं होईल, एखादं राहील. राहिलं तर राहू दे. एक संध्याकाळ मुलांनी 'एस्केप रूम'साठी राखून ठेवलीय. एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं, कुलुपांची कोडी सोडवायची, तासाभरात बाहेर यायचं, आणि एवढं करून पैसे आपणच द्यायचे. बाबा काय म्हणतील ते मला ऐकू येतंय. पण ईशान म्हणाला, कोडी सुटायला आजोबा हवेत, शब्दकोडं ते पेनने भरतात. तेव्हा तुम्हाला आत जावं लागणार आहे. आत खुर्ची मिळते का ते मी विचारते.

आणखी एक, यावर वाद नको. एका दुपारी मुलं दोघंच कुलाब्याला जाणार, दोन तास. सईला कॉजवेवर कानातली घ्यायचीत, ईशानला धोबीतलावला १९०४ सालच्या कयानी या इराण्याच्या हॉटेलात बसून ब्रून मस्का खायचाय. एकत्र जायचं, एकत्र यायचं, फोन चालू ठेवायचा, असं ठरलंय. आई, त्या दोन तासांत तू फोन करायचा नाहीस. मी करणार नाही, तूही नाही. मला काय कमी धडधडणार आहे? पण मी नववीत असताना सांगलीहून मिरजेला एकटी एसटीने जायचे तेव्हा तू खिडकीशी उभी राहून किती वेळ वाट बघायचीस ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय, आणि तरी तू सोडायचीस.

आता मुकाट्याने ऐकायचं. बीपीच्या गोळ्या आठ दिवसांच्या जास्तीच्या घ्या, डब्यात घालून नाही, पाकिटासकट, म्हणजे नाव वाचता येईल. गुडघ्याचा पट्टा बाबांनी बॅगेत नाही, पायात घालून यायचं. आईचे ड्रॉप्स वरच्या कप्प्यात. निघायच्या आधी साखर तपासा आणि जो आकडा येईल तो मला सांगा, दोघांनी मिळून ठरवलेला नको. गाडीत पाण्याची बाटली घरून भरून. चादरी आणू नका, लाडू आणू नका. भडंग आणा, दोन किलो, ईशानने खास सांगितलंय. दादरला गाडी फार थांबत नाही. त्यामुळे ठाण्यालाच उठून बसा, पण दारात जाऊन उभे राहू नका. ईशान तुमच्या डब्यासमोर असेल. बॅग तो उचलेल, त्याला उचलू द्या. आता तुमच्यापेक्षा उंच आहे तो.

संक्रांतीला मी एकटी सांगलीला येते. चांगली आठवडाभर. तेव्हा सांगली राहिली असं मनात आणू नका. गणपतीला तेव्हाच जाऊ. आणि आई, मागच्या अंगणातल्या त्या फरशीचं काय करायचं तेही तेव्हाच बघू, तोवर तिथे पाणी टाकून बाबांना चालू देऊ नकोस.

रविवारी दुपारी फोन करते, बाबांची झोप झाल्यावर. बाबा 'बघू' म्हणाले तर मी ते हो समजणार आहे.

तुमची
वैजू

ता. क. कुंड्यांना पाणी घालायला समोरच्या वहिनींना सांगितलंय, किल्ली त्यांच्याकडे द्या. पेपर आठ दिवस बंद करायला सांगा. आणि बाबा, तो निळा स्वेटर आणू नका, मुंबईत लागत नाही. आणायचाच असेल तर निदान कोपरावरचं भोक शिवून आणा.