रेडिएटर अर्धाच का तापतो? परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या तयारीविषयी आपल्या दैनिकात येणारे लेख मी इंग्लंडात आवर्जून वाचते. व्हिसा, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते आणि गरम कपडे यांविषयी त्यांत पुष्कळ उपयुक्त माहिती असते. परंतु ज्या भाड्याच्या घरात विद्यार्थ्याला पहिला हिवाळा काढायचा असतो, त्या घराची ऊब कशी राखावी याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. ऑक्टोबर उजाडला की इथल्या मराठी मुलामुलींचे मला फोन येऊ लागतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "काकू, खोलीतला रेडिएटर नीट तापतच नाही." त्यांच्यासाठी आणि त्यांच्या काळजीत असलेल्या आईवडिलांसाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो आणि भिंतीवरच्या पोलादी रेडिएटरांतून उष्णता देऊन तेच पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. हे पाणी बंदिस्त असते आणि वर्षानुवर्षे तेच फिरत राहते, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, कारण पुढचे बरेचसे दोष तिच्यातूनच उद्भवतात. रेडिएटर तापू लागल्यावर त्यावरून जपून हात फिरवला, तर तो नेमका कोठे गार आहे हे कळते, आणि दोष काय आहे ते बहुतेक वेळा त्या जागेवरूनच ओळखता येते. पाणी बाहेर पडते ती बाजू किंचित कमी तापते; तेवढा फरक स्वाभाविक आहे.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल, तर आत हवा साठली आहे असे समजावे. उपाय सोपा आहे. बॉयलर बंद करून पाणी निवू द्यावे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा लहान स्क्रू असतो. त्याची चावी हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. खाली फडके धरून तो स्क्रू डावीकडे पाव ते अर्धा फेरा, तेवढाच, फिरवावा. फुस्स आवाज करीत हवा निघते आणि पाण्याची सलग धार येताच स्क्रू पुन्हा आवळावा. तो पूर्ण काढू नये. काढल्यास खोलीभर काळे पाणी होते आणि गालिचावरचा तो डाग निघत नाही. नंतर बॉयलरवरचा दाबमापक पाहावा : पाणी गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या दरम्यान असायला हवा. तो खाली आला असेल, तर बॉयलरखालच्या, पाणी भरण्याच्या नळीची तोटी हळूहळू उघडून दाब पूर्ववत करावा आणि तोटी आठवणीने बंद करावी.

हा एकच उपाय सर्वत्र सांगितला जातो, आणि नेमके त्याच्यावरच विसंबण्याची चूक माझ्याकडून झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या निजायच्या खोलीतला रेडिएटर वर चटका बसेल इतका गरम आणि खाली मधोमध थंडगार राहू लागला. मी दर रविवारी त्यातली हवा काढत असे, दाब उतरला की ताजे पाणी भरत असे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करत असे. त्याच सुमारास साताऱ्याहून वडील आमच्याकडे आले होते. त्यांनी रेडिएटरला वरखाली हात लावून पाहिला आणि म्हणाले, "अगं, बंबात क्षार बसले की लाकडं दुप्पट जळायची आणि पाणी कोमटच राहायचं. याच्याही तळाशी काही बसलंय का बघ." त्यांचे निदान अचूक होते. प्लंबरने रेडिएटर उतरवून अंगणात नळीच्या पाण्याने धुतला, तेव्हा शाईसारखा काळा गाळ बाहेर आला. तो लोखंडाचाच गंज होता; प्लंबरने जवळ लोहचुंबक नेताच तो चुंबकाला चिकटला.

त्याने मग जे समजावून सांगितले, ते मला आधी कळले असते तर बरे झाले असते. ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो आणि पोलाद नव्याने गंजू लागते. शिवाय या गंजण्याच्या क्रियेत हायड्रोजन वायू तयार होऊन रेडिएटरच्या माथ्याशी जमतो. म्हणजे मी दर आठवड्याला जी हवा म्हणून काढत होते, ती बऱ्याच अंशी गंजाचीच निष्पत्ती असणार, आणि पाणी भरून मी त्या गंजाला खाद्य पुरवत होते. (हा वायू पेट घेतो, म्हणून हवा काढताना जवळ काडी किंवा मेणबत्ती पेटवू नये.) रेडिएटर धुतल्यावर प्लंबरने पाण्यात गंजरोधक द्रव्य घातले आणि परतीच्या नळीवर गाळ धरणारी चुंबकीय गाळणी बसवली. तेव्हापासून त्या खोलीतली तक्रार मिटली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, तळ गार असेल तर चावीला हात लावू नये, आणि वर्षातून एकदोनदापेक्षा अधिक वेळा हवा काढावी लागत असेल, तर पाणी कोठे गळते किंवा आत काय गंजते याचा शोध घेण्यास घरमालकाला सांगावे.

एखादा रेडिएटर संपूर्ण गार आणि बाकीचे सगळे गरम असतील, तर दोष बहुधा त्याच्या थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे खोलीच्या उबेनुसार पाणी आपोआप सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या झडपेत असतो. त्यावरचे आकडे खोलीचे तापमान ठरवतात, रेडिएटर तापण्याचा वेग नव्हे. ५ वर नेल्याने खोली लवकर गरम होत नाही. ३ हा आकडा साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपासचा असतो. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला, की आतली बारीक पिन दाबलेल्या स्थितीतच अडकून बसते आणि पाणी आत शिरत नाही. वरची टोपी हाताने सोडवून पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबावी. ती स्वतःहून वर उसळली पाहिजे. पकडीने ती ओढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती उपसून आली तर पाण्याचे कारंजे उडते. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले, तर हा त्रास सहसा होत नाही. जाड पडदा किंवा पलंग या व्हॉल्व्हला झाकत असेल, तर त्याच्याभोवतीची हवा लवकर तापते आणि खोली गार असतानाच तो पाणी अडवतो. विद्यार्थ्यांच्या लहान खोल्यांत हे मी फार वेळा पाहिले आहे.

बॉयलरजवळच्या खोल्या तापतात आणि लांबच्या कोमट राहतात, तेव्हा पाण्याचे वाटप विषम झालेले असते. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला असलेला झाकणाखालचा व्हॉल्व्ह जवळच्या खोल्यांत थोडा आवळून ते सुधारता येते. मात्र हे काम धीराने करावे आणि किती फेरे आवळले ते लिहून ठेवावे.

न्यूयॉर्कसारख्या अमेरिकी शहरांतल्या जुन्या इमारतींत मात्र पुष्कळ ठिकाणी वाफेचे रेडिएटर आहेत आणि त्यांना वरीलपैकी काहीही लागू पडत नाही. ज्यात वाफ येते आणि पाणी परतते ते एकाच नळीतून, अशा वाफेच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवावा लागतो. अर्धवट ठेवल्यास आत पाणी साचून ठोकल्यासारखे आवाज येतात.

भाडेकरूंचे हक्कही मुलांना ठाऊक असावेत. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, सामान्य भाडेकरारात खोल्या आणि पाणी तापवण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. घरमालकाच्या गॅस उपकरणांची तपासणी वर्षातून एकदा 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून व्हावी लागते आणि तिचा दाखला भाडेकरूला मिळायला हवा. एका विद्यार्थिनीला घर देणाऱ्या एजन्सीने "आणखी एक स्वेटर घाला" असे उत्तर दिले होते. कलमाचा उल्लेख करून तिने लेखी तक्रार पाठवल्यावर चार दिवसांत दुरुस्ती झाली. बॉयलरचे आवरण मात्र कोणीही स्वतः उघडू नये.

आपण परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत या विषयाला दरवर्षी अर्धे पान द्यावे, ही माझी विनंती आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाने आणि इतर गावांतल्या मंडळांनी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या दिवशी रेडिएटरची चावी प्रत्यक्ष हातात देऊन ती कशी वापरायची हे दाखवावे. लीड्समध्ये ते काम करण्यास मी तयार आहे.

आपली नम्र,
एक वाचक
लीड्स, इंग्लंड (मूळ गाव सातारा)